काठीचे दोन उपयोग

रानवाटेने जाणाऱ्या मुलाच्या हाती एखादी वाळकी काठी आली, की ती फार वेळ नुसती काठी राहत नाही. क्षणात तिची तलवार होते आणि वाटेवरच्या झुडपांचे शेंडे भराभर उडू लागतात. पण त्याच वेळी समोरून एखादे खेळकर कुत्रे धावत आले, तर तेच मूल ती काठी दूर भिरकावते. कुत्रे ती तोंडात धरून परत आणते, आणि पाहता पाहता दोघांची गट्टी जमते. काठी एकच, परंतु तिचे उपयोग दोन. कोणता उपयोग करावा, हे काठी कधीच सांगत नाही. ते ठरवावे लागते काठी धरणाऱ्याला.

ही साधी गोष्ट एका संगणकीय खेळाने मोठ्या मौजेने सांगितली आहे. त्या खेळाचे नाव ‘अंडरटेल’. टोबी फॉक्स या अमेरिकन तरुणाने तो रचला आणि १५ सप्टेंबर २०१५ रोजी तो लोकांपुढे आला. मोठमोठ्या कंपन्यांचे खेळ तयार करण्यासाठी शेकडो माणसे राबत असतात. या खेळाची कथा, त्यातील संवाद, संगीत आणि संगणकाला द्यावयाच्या सूचना यांचे बहुतेक सारे काम मात्र एकट्या फॉक्सने केले. चित्रांच्या कामी त्याला मुख्यतः टेमी चँग हिचे साह्य झाले. २०१३ च्या जून महिन्यात त्याने या कामासाठी लोकांकडे वर्गणी मागितली, तेव्हा त्याची अपेक्षा होती ५,००० डॉलरांची. प्रत्यक्षात दोन हजारांहून अधिक लोकांनी मिळून ५१,००० डॉलरांहून अधिक रक्कम त्याच्या हाती दिली. खेळातील चित्रे जुन्या काळच्या संगणकीय खेळांतल्यासारखी साधी, ठिपक्याठिपक्यांची आहेत. डोळे दिपवून टाकील असे त्यांत काही नाही. तरीही जगभरच्या लाखो लोकांना या खेळाने वेड लावले. त्याचे कारण त्याच्या चित्रांत शोधून सापडणार नाही. ते त्याच्या विनोदात आणि त्या विनोदाच्या आड दडलेल्या विचारात आहे.

या जातीच्या खेळांत खेळणारा एखाद्या पात्राची भूमिका घेतो आणि अद्‌भुत प्रदेशात प्रवास करतो. वाटेत राक्षस भेटतात. त्यांना ठार केले, की वीराचे बळ वाढते. बळ वाढले, की अधिक मोठे राक्षस मारता येतात. अशा रीतीने शेकडो राक्षसांचा फडशा पाडीत वीर अखेरीस विजयी होतो. मारला गेलेला राक्षस कोण होता, त्याला घर होते काय, त्याची वाट कोणी पाहत होते काय, हे विचारण्याचे कारणच पडत नाही. ‘राक्षस’ हे नाव एकदा दिले, की पुढचे सारे प्रश्न मिटतात. अंडरटेलने हेच मिटलेले प्रश्न पुन्हा उघडले.

त्याची कथा अशी : फार प्राचीन काळी पृथ्वीवर माणसे आणि राक्षस एकत्र नांदत होते. एके दिवशी त्यांच्यात युद्ध पेटले. माणसे जिंकली, आणि त्यांनी मंत्रसामर्थ्याने सर्व राक्षसांना जमिनीखाली कोंडून टाकले. पुष्कळ वर्षांनी एक मूल एबट नावाच्या पर्वतावर चढते आणि तेथील विवरातून थेट त्या पाताळात कोसळते. त्याच्याजवळ शस्त्र म्हणून काय असते? एक काठी! तिच्या अंगी मारण्याची शक्ती शून्य. त्या मुलाला वर, आपल्या जगात परत जायचे आहे, आणि वाटेत पावलोपावली राक्षसांची वस्ती आहे.

प्रत्येक गाठीभेटीच्या वेळी खेळणाऱ्यापुढे निरनिराळे मार्ग असतात. त्याला लढता येते. समोरच्याशी बोलता येते, त्याची स्तुती करता येते, त्याला हसवता येते. आणि मन वळले, म्हणजे ‘दया’ या शब्दावर बोट ठेवून त्याला सुखरूप जाऊ देता येते. कोणालाही न मारता हा खेळ पहिल्यापासून शेवटपर्यंत खेळता येतो.

आणि हे राक्षस तरी कसे? एक भूत आहे, त्याला सदा रडू येते. त्याचे अश्रू हेच त्याचे शस्त्र. कोणी चार गोड शब्द बोलून त्याला धीर दिला, तर त्याच अश्रूंची ते डोक्यावर टोपी करून दाखवते आणि ती आवडली का म्हणून लाजत लाजत विचारते. एक हिमपक्षी आहे. त्याला विनोद सांगण्याची भारी हौस. त्याचे विनोद अगदी सुमार असतात, पण कोणी हसले म्हणजे त्याचे समाधान होते आणि लढण्याचे त्याला कारण उरत नाही. एक दंड फुगवून दाखवणारा पहिलवान आहे. त्याच्यापुढे आपणही दंड फुगवावा, म्हणजे तो ईर्षेने अधिकच फुगवतो आणि त्या भरात स्वतःच खोलीबाहेर निघून जातो. एक पहारेकरी कुत्रा चिलखत घालून उभा असतो. त्याला कुरवाळले, की त्याची मान आनंदाने लांब होते, आणखी कुरवाळले, की आणखी लांब होते, आणि अखेर ती पडद्याच्या बाहेर जाते! कुत्र्यांच्या या पहारेकरी पथकापुढे ती काठी फेकण्याचीही सोय आहे. फेकलेल्या काठीमागे धावताना शत्रुत्व विसरून जाणे, हा कुत्र्याच्या जातीचा धर्मच होय.

या सर्वांचा शिरोमणी म्हणजे पॅपिरस नावाचा उंच सांगाडा. एखाद्या माणसाला पकडून राजाच्या रक्षकदलात मानाची जागा मिळवावी, ही त्याची महत्त्वाकांक्षा. त्यासाठी तो वाटेवर नाना प्रकारचे सापळे रचतो. एके ठिकाणी तो अदृश्य भिंतींचा चक्रव्यूह उभारतो. भिंतीला स्पर्श होताच विजेचा धक्का बसावा, अशी योजना असते. परंतु धक्का देणारा गोळा चुकून त्याच्याच हाती राहतो, आणि मुलाने भिंतीला स्पर्श करताच झटका बसतो तो पॅपिरसला! चूक ध्यानात येताच तो तो गोळा मुलाच्या हवाली करण्यासाठी त्याच चक्रव्यूहातून चालत येतो. बर्फावर त्याची पावले उमटतात, आणि ज्या वाटेचा शोध लागू नये म्हणून एवढा खटाटोप केला, ती वाट तो स्वतःच दाखवून जातो. त्याचा आळशी भाऊ सॅन्स दिवसभर हाडांवरून कोट्या करीत बसतो आणि पॅपिरस त्या कोट्यांवर चिडत राहतो. पुढे पॅपिरस आणि ते मूल यांची लढत होते, तेव्हा मूल हरले तरी तो त्याचा जीव घेत नाही. तो त्याला एका खोपटात कोंडतो, आणि त्या खोपटाचे गज असे विरळ, की कैद्याने सहज चालत बाहेर पडावे.

येथे कोणी म्हणेल, की हा सारा पोरकटपणा आहे. हसू आले आणि संपले, त्यात विचार तो कोणता? परंतु हा आक्षेप घाईचा आहे. मनुष्य ज्याच्यासह मनापासून हसला, त्याच्यावर शस्त्र उगारणे त्याला जड जाते. हसण्यापूर्वी समोर केवळ ‘एक राक्षस’ होता. हसल्यानंतर तेथे पॅपिरस उभा असतो, त्याच्या वेड्या महत्त्वाकांक्षेसह आणि त्याच्या भाबड्या चुकांसह. विनोदाने त्याची ओळख झाली, आणि ओळख झाली की द्वेषाचा पाया खचतो. भीती आणि द्वेष यांना दूर उभे राहून पाहण्याची सवय असते. हसण्यासाठी मात्र जवळ यावे लागते. म्हणूनच या खेळातील विनोद म्हणजे पक्वान्नावर भुरभुरलेली साखर नव्हे. तो दयेच्या घराचा उंबरठा आहे.

अर्थात सर्वच हसणे असे नसते. दुसऱ्याच्या व्यंगावर, गरिबीवर किंवा अपयशावर हसणारे लोक जगात थोडे नाहीत. त्या हसण्याने माणसे जवळ येत नाहीत, दुरावतात. खेळाने हाही भेद जाणला आहे. हिमपक्ष्याच्या विनोदाला हसून दाद देता येते, तशी त्याची हुर्योही उडवता येते. हसून दाद दिली तर तो सुखावतो. हुर्यो उडवली तर दुखावला जातो. कोणाबरोबर हसणे आणि कोणाला हसणे, यांत एका शब्दाचे अंतर दिसते. प्रत्यक्षात ते मैत्री आणि अपमान यांच्यामधील अंतर आहे.

खेळाची खरी कसोटी मात्र हास्यापाशी लागत नाही. ती लागते टोरिएलच्या दारात. पाताळात पडलेल्या मुलाला सर्वांत आधी आश्रय देते ती टोरिएल. ती राक्षसीण खरी, पण तिचे अंतःकरण आईचे. ती मुलाचा हात धरून काटेरी वाट पार करवते, त्याला झोपायला खोली देते, त्याच्यासाठी गोड पदार्थ भाजून ठेवते. मूल पुढे जाऊ म्हणते तेव्हा मात्र ती वाट अडवते. कारण बाहेर गेलेली मुले जिवंत राहत नाहीत, हे तिला ठाऊक असते. ती ज्वाळा फेकते, पण मूल अगदी अशक्त झाले म्हणजे तिच्या ज्वाळा त्याला चुकवून जाऊ लागतात! येथे बोलण्याचा उपयोग होत नाही. उपाय एकच : ती कितीही वेळा ज्वाळा फेको, आपण प्रत्येक वेळी दयाच निवडावी. पुष्कळ खेळणाऱ्यांना हे सुचत नाही. तिला थोडे दुर्बळ करावे म्हणजे ती वाट देईल, या समजुतीने ते प्रहार करीत राहतात. आणि एका अनपेक्षित घावाने टोरिएल कोसळते.

मग काय होते? खेळणारा हळहळतो. खेळ जेथे जपून ठेवला होता तेथून तो पुन्हा सुरू करतो, या वेळी धीर धरून दया दाखवतो, टोरिएल वाचते, आणि तो सुटकेचा निःश्वास टाकतो. इतर खेळांत हा प्रसंग येथेच संपला असता. अंडरटेलमध्ये पुढच्या दालनात फ्लावी नावाचे एक कपटी बोलके फूल त्याची वाट पाहत असते. टोरिएलला आधी मारले आणि मग पश्चात्ताप होऊन काळ मागे फिरवला, हे आपणास ठाऊक असल्याचे ते त्याला ऐकवते. ज्याने हा प्रसंग अनुभवला, त्याच्या छातीत क्षणभर धस्स झाल्याशिवाय राहत नाही. पाटीवरचे अक्षर पुसता येते. पण ते लिहिले होते, ही गोष्ट पुसता येत नाही. कडू शब्द बोलून मागाहून क्षमा मागणाऱ्या प्रत्येकाला हा अनुभव परिचयाचा आहे. क्षमा मागणे योग्यच. परंतु शब्द उच्चारण्यापूर्वी थांबता आले असते, तर ते अधिक योग्य झाले असते.

दया ही दुबळ्याची सबब आहे, असेही एक मत पुष्कळदा ऐकू येते. या खेळात तरी ते टिकत नाही. प्रारंभी मुलाच्या अंगी वीस गुणांची प्राणशक्ती असते. मारणाऱ्याची शक्ती वाढत जाते आणि त्याला घाव सोसणे सोपे होते. जो कोणालाच मारीत नाही, त्याची शक्ती अखेरपर्यंत वीसच राहते. पुढे मोठमोठ्या योद्ध्यांचे भडिमार त्याला त्याच तुटपुंज्या बळावर, केवळ चपळाईने आणि धीराने चुकवावे लागतात. तो पुन्हा पुन्हा हरतो आणि पुन्हा पुन्हा उभा राहतो. तेव्हा अधिक धैर्य कोणाला लागते, मारणाऱ्याला की न मारणाऱ्याला, याचे उत्तर येथे वादाने द्यावे लागत नाही. बोटांना आलेला घामच ते देतो.

प्रत्येक वधाबरोबर पडद्यावर वाढत जाणाऱ्या त्या बळाला खेळात ‘लव्ह’ असे नाव आहे. या इंग्रजी शब्दाचा अर्थ प्रेम, म्हणून खेळणाऱ्याला प्रथम ती एक गंमत वाटते. खेळाच्या शेवटी सॅन्स त्याचा खरा अर्थ उलगडतो : त्या अक्षरांचा अर्थ प्रेम नसून ‘हिंसेची पातळी’ असा आहे. जो जितका मारील, तितका तो इतरांपासून दुरावतो, आणि जितका दुरावतो, तितके मारणे त्याला सोपे जाते. साऱ्या खेळभर कोट्या करणाऱ्या पात्राच्या तोंडी ही गंभीर कोटी घातली आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

आणि ज्याने निर्दयपणे प्रत्येकाला शोधून शोधून मारण्याचा निश्चय केला, त्याचे काय होते? खेळ त्याला तसे करू देतो. परंतु हळूहळू गावे ओस पडतात. दुकानात दुकानदार नसतो, संगीत मंदावून भेसूर होते, आणि लढण्यासाठी शोध घेतला तरी कोणी येत नाही. सर्वांत मोठी शिक्षा म्हणजे विनोद नाहीसा होतो. पॅपिरसच्या गमतीदार सापळ्यांजवळ थांबून हसण्यास त्या वीराला सवडच उरलेली नसते. तरीही पॅपिरस त्याच्यापुढे शस्त्र न उगारता हात पसरून उभा राहतो, कारण त्याच्यातही चांगुलपणा असेल असा त्याचा विश्वास असतो. अशा रीतीने खेळ पूर्ण करणाऱ्याने पुढे नव्याने आरंभ करून कितीही दयाळूपणा दाखवला, तरी शेवटच्या आनंदावर मागील कृत्यांची सावली पडल्यावाचून राहत नाही. विजय मिळतो, पण तो कोणाला सांगावा असा एकही मित्र शिल्लक नसतो.

संगणकीय खेळांविषयी वडीलधाऱ्या मंडळींची तक्रार असते, की त्यांत मुलांचा वेळ जातो आणि डोळे शिणतात. ही तक्रार खोटी नाही. अभ्यास, मैदान आणि झोप यांचा बळी देऊन खेळलेला कोणताही खेळ वाईटच. परंतु सर्व खेळांना एकाच मापाने मोजणेही न्याय्य नव्हे. पुस्तकांत जसे सार आणि फोल असते, तसे खेळांतही असते. खेळ बंद केल्यावर मनात काय उरते, यावरून त्याची पारख करावी. सापशिडीचा मूळ भारतीय खेळ, म्हणजे मोक्षपट, हाही मनोरंजनातून नीती शिकवण्यासाठीच होता. त्यातील शिड्या सद्‌गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे. मात्र तेथे शिडी मिळावी की सापाने गिळावे, हे दान ठरवते. अंडरटेलमध्ये दान नाही. प्रत्येक वेळी निवड खेळणाऱ्याची असते. म्हणून त्यात मिळालेला बोध अधिक आपलासा वाटतो.

खऱ्या जगातील भांडणे एका विनोदाने मिटत नाहीत, हे तर उघडच आहे. अन्यायापुढे नुसते हसून चालत नाही. खेळही हे विसरलेला नाही. पाताळाचा राजा असगोर स्वभावाने सौम्य, बागेत रमणारा. पण आपली मुले गमावल्यावर दुःखाच्या भरात त्याने माणसांचा सूड घेण्याचे वचन प्रजेला दिलेले असते. त्याच्याशी गाठ पडते, तेव्हा तो ‘दया’ हा शब्दच आपल्या शस्त्राने फोडून टाकतो. तेथे काही काळ लढावेच लागते. परंतु तो थकून गुडघे टेकतो, तेव्हा निवड पुन्हा मुलाच्या हाती येते. लढणे अटळ झाले, तरी लढाईच्या शेवटी माणुसकी शिल्लक ठेवता येते, एवढेच खेळाचे म्हणणे आहे. जो ती शेवटपर्यंत शिल्लक ठेवतो आणि भेटलेल्यांशी खरी मैत्री जोडतो, त्याला अखेरीस ते पाताळाचे बंधन तुटलेले दिसते, आणि शतकानुशतके अंधारात कोंडलेले ते ‘राक्षस’ पर्वताच्या माथ्यावर उभे राहून डोळे भरून सूर्य पाहताना दिसतात.

प्रत्येक वर्गात नव्याने आलेला, निराळी भाषा बोलणारा, निराळा पोशाख घालणारा एखादा मुलगा किंवा मुलगी असते. त्यांना एखादे टोपणनाव देऊन दूर ठेवणे फार सोपे. ते नाव एकदा रूढ झाले, की पुढचे प्रश्न मिटतात. त्यांच्याजवळ जाऊन, त्यांचा एखादा सुमार विनोद ऐकून, मनापासून हसणे हे थोडे कठीण. परंतु मैत्रीचा आरंभ तेथूनच होतो. पाताळात पडलेल्या त्या मुलाच्या हाती एक काठी होती. तशी एक काठी प्रत्येकाच्या हाती असते; कोणाच्या जिभेवर, कोणाच्या मुठीत. तिचे दोन उपयोग आहेत, हे उगारण्यापूर्वी आठवले, म्हणजे पुरे.